एकेरी वाट

शाळामास्तरांना रांगेचे प्रेम असते, असा एक समज आहे. मला ते नाही. पण एका रांगेविषयी मात्र माझ्या मनात खरोखरीचा आदर आहे. ती म्हणजे तारेतून जाणाऱ्या अक्षरांची रांग. दूरचे टर्मिनल संगणकाला जोडायचे, तर प्रत्येक अक्षराचे बारीक तुकडे करून ते एकामागून एक तारेवर सोडतात. पुढे ‘आलो’ म्हणणारा तुकडा, मागे ‘संपलो’ म्हणणारे. जुन्या टेलिटाइपवर अशा अकरा तुकड्यांचे एक अक्षर होई आणि सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे जात. आमच्या सहावीतली मुले कविता याहून जलद म्हणतात. अर्थात घंटा व्हायला आली असेल तर!

११ सप्टेंबर १९४० रोजी जॉर्ज स्टिबिट्झ यांनी डार्टमथ कॉलेजात जमलेल्या गणितज्ञांपुढे असला एक टेलिटाइप ठेवला. हिशेब करणारे यंत्र होते तिकडे न्यूयॉर्कला! प्रश्न तारेने गेले, उत्तरे तारेने आली.

पुढे टर्मिनले वाढली. प्रत्येकाला लांबवर स्वतंत्र तार कोण देणार? मग दूरच्या गावी ‘टर्मिनल सर्व्हर’ नावाची पेटी आली. आठ-दहा टर्मिनलांच्या तारा तिच्यात शिरत आणि मोडेममधून बाहेर पडे एकच. अशा तारेवरून नेटवर्कचे गठ्ठे पाठवण्याची ‘स्लिप’ नावाची रीत १९८८ साली लिहून निघाली. गठ्ठा संपला की एक ठरलेली खूण करायची, बस्स. आतला मजकूर बिघडला का, हे ती पाहतच नाही. वह्या न तपासता सह्या करणारे मास्तर मी पाहिले आहेत, त्यांची आठवण होते.

२००२ च्या मे महिन्यात आईला शस्त्रक्रियेसाठी मुंबईला न्यायचे होते. तारीख ठरलेली, गाड्या भरलेल्या. आरक्षणाच्या खिडकीशी माझा नंबर चौथा, आणि आतून आवाज आला, “लिंक गेली!” पाऊण तास सगळी रांग त्या काळ्या पडद्याकडे पाहत होती. कुठल्याशा एका तारेवर आमची सगळ्यांची वाट अडली होती. आई भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा मला पाहवेना.

अखेर अक्षरे उमटली. छपाईयंत्र किरकिरले. दोन जागा मिळाल्या, त्यांतली एक खालची.

“इतका वेळ ते कुणाला विचारीत होते रे?” आईने विचारले.

“मुंबईला.”

“मग एक कार्ड टाकायचे होते!”