नाईलच्या उगमाशी पाच आठवडे

'पुढचे वर्षभर मी युगांडातून काम करणार आहे,' असे आपल्या मुलाने एखाद्या संध्याकाळी फोनवर सांगितले, तर आपल्या मनात प्रथम काय येईल, हे मी ओळखू शकते. माझ्याही मनात तेच आले होते : अरण्य, ताप, इदी अमीन. मग त्याने गावाचे नाव सांगितले, जिंजा, आणि धीर यावा म्हणून छायाचित्रे पाठवली. त्यांतल्या एकात शिरस्त्राणे घातलेली सात-आठ माणसे एका रबरी होडीतून फेसाळत्या पाण्यात अक्षरशः उलटत होती. धीर कुठला यायचा!

जिंजा हे व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठावरचे गाव. सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते ती इथेच. इंग्रज प्रवासी जॉन स्पीक १८६२ मध्ये इथल्या धबधब्यापाशी पोहोचला आणि नाईलचा उगम सापडल्याचे त्याने जगाला कळवले. तो धबधबा आता दिसत नाही. १९५४ मध्ये ओवेन फॉल्स धरण सुरू झाले आणि तो पाण्याखाली गेला. पुढे २०११-१२ च्या सुमारास बुजागाली धरणाने आणखी काही खळाळते उतार गिळले. तरीही धरणांच्या खाली जे उतार उरले आहेत, त्यांवर रबरी होड्या हाकण्यासाठी देशोदेशीची तरुण मंडळी येतात, पायाला दोर बांधून नदीवर उड्या मारतात. अशा गावात आपला मुलगा संगणक घेऊन बसणार आणि पुण्यातल्या कंपनीचे काम करणार, हे माझ्या बुद्धीला पटेना. म्हणून मी स्वतः जाऊन पाहायचे ठरवले.

जायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न पीतज्वराच्या लसीचा. युगांडात प्रवेशासाठी या लसीचे प्रमाणपत्र लागते, आणि तिथून भारतात परतताना आपले विमानतळ अधिकारीही ते तपासतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. आम्ही सांगलीचे, आम्हांला त्यासाठी मुंबई गाठावी लागली. पण आपल्या वयाच्या मंडळींनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. साठीनंतर ती प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. तो विरळाच, परंतु नाही असे नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील, तर ती देत नाहीत. माझे वय तेव्हा सहासष्ट. आमच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब आणि औषधे पाहिली, धोका समजावून सांगितला आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी लस घेतली. दोन दिवस अंग मोडून आले, बाकी काही झाले नाही.

यांना मात्र ती घेता येणार नव्हती. आमवातासाठी यांना गेली सहा वर्षे मेथोट्रेक्सेट चालू आहे. वैद्यकीय सवलतीचे पत्र मिळवता येते, परंतु परत येताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, आणि मुळात संरक्षणाशिवाय त्या प्रदेशात जाणेच शहाणपणाचे नव्हते. 'तू जाऊन ये. दोघांनी काळजी करण्यापेक्षा एकाने जाऊन पाहिलेले बरे,' हे म्हणाले. त्यांची व्यवस्था वन्संवर आणि रोज येणाऱ्या मावशींवर सोपवून निघताना पाऊल जड झाले होते. दीर्घ आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या कोणालाही ते वेगळे सांगायला नको.

आदिस अबाबाला विमान बदलून एंटेबीला उतरलो की पुढे मोटारीचा प्रवास. एंटेबी ते कंपाला, आणि कंपालाहून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर जिंजा. अंतर किरकोळ वाटते, पण कंपालाच्या वाहतूककोंडीमुळे चार तास लागले. वाटेत माबिरा अरण्य लागते, चहाचे मळे लागतात, आणि उसाचे फड दिसले की क्षणभर आपण कृष्णाकाठीच आहोत असे वाटते. तो भास अगदीच निराधार नाही. लुगाझीचा साखर कारखाना नानजी कालिदास मेहता यांनी आणि जिंजाजवळच्या काकिराचा मुळजीभाई माधवानी यांनी उभा केला. दोघेही गुजरातेतून आलेले. जिंजाच्या मुख्य रस्त्यावर जुन्या दुमजली इमारतींच्या कपाळांवर आजही हिंदी नावे आणि बांधकामाची वर्षे कोरलेली दिसतात. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी नव्वद दिवस दिले आणि हे रस्ते ओस पडले. पुढच्या राजवटीत काही कुटुंबे परतली. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, आणि चपाती तर इतकी त्यांची झाली आहे की ती मूळची आपली, असे सांगितले तर तरुण पोरे हसतात. अंड्याचे आम्लेट चपातीत गुंडाळून रस्त्याकडेला विकतात, त्याचे नाव 'रोलेक्स'. मुलाचा आठवड्यातून तीनदा तोच नाश्ता असतो, हे मला तिथे गेल्यावर कळले.

त्याचे घर नदीपासून थोडे वर, आंब्याच्या झाडाखाली. दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, फाटकावर रात्रीचा राखणदार. आपली समजूत असते की अशा गावी राहून काम करणे म्हणजे अर्धी सुट्टीच. मीही तसेच समजत होते. प्रत्यक्षात त्याचा दिवस पुण्याच्या घड्याळाला बांधलेला. युगांडाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. पुण्यात साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे सात. विषुववृत्ताजवळ बारमाही सूर्योदय साधारण साडेसहा ते सातच्या दरम्यान होतो, म्हणजे हा उजाडताच कामाला बसतो. दुपारी चारला पुण्याचे कार्यालय सुटते आणि याच्यापुढे उजेडाचे तीन-एक तास मोकळे असतात. वीज अधूनमधून जाते, म्हणून घरात बॅटरी आणि इन्व्हर्टर. इंटरनेट अडखळले तर मोबाईलचे दुसऱ्या कंपनीचे जोडलेले. पावसाळ्यात (मार्च ते मे, आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर) पत्र्यावर सर कोसळते तेव्हा बैठकीत त्याला काहीच ऐकू येत नाही. मग तो माफी मागून कॅमेरा बंद करतो. मुलगा मौजेत नाही, तो नोकरीत आहे, हे पाहून मला बरे वाटले आणि थोडे वाईटही.

घड्याळावरून एक गंमत आठवली. लुगांडा भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो तो त्यांचा पहिला तास. भाजीवालीने मला 'तीन वाजता या' म्हटले, म्हणजे आपल्या नऊला. मी दुपारी गेले तर ती उठून गेलेली! तिथली माणसे भेटली की 'ग्येबाले' म्हणतात. केलेल्या कामाबद्दल शाबासकी, असा त्याचा भाव. घराबाहेर कट्ट्यावर नुसत्या बसलेल्या बाईलाही असे म्हणतात, हे मला फार आवडले. मला सगळे 'जाजा' म्हणत, म्हणजे आजी किंवा आजोबा.

आता धोक्यांविषयी. आपल्याला भीती वाटते ती त्या रबरी होडीची. पण तिथे अंगावर तरंगजाकीट असते, डोक्यावर शिरस्त्राण असते, पाठीमागे सुटकेसाठी छोट्या होड्या असतात. जिंजात राहणाऱ्याने खरे सांभाळायचे ते वेगळेच. पहिला डास. युगांडात हिवताप बारमाही आहे आणि बहुतांशी तो फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे उशीर झाल्यास जिवावर बेतणारा. अंधार पडू लागल्यापासून पहाटेपर्यंत पूर्ण बाह्यांचे कपडे, औषध लावलेली मच्छरदाणी आणि प्रतिबंधक गोळ्या, यांत कसूर नको. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांनीच ठरवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून विचारावे. गोळी परतल्यानंतरही ठरलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवायची असते, आणि नेमकी तीच आपण विसरतो. घरी आल्यावर पुढच्या वर्षभरात केव्हाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगायचे : मी युगांडात जाऊन आले आहे.

दुसरा धोका रस्ता. 'बोडाबोडा' नावाच्या भाड्याच्या मोटारसायकली तिथे सर्वत्र धावतात. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण अंधारात दिव्याविना आलेली बोडाबोडा मी इतक्यांदा पाहिली, की मुलाकडून शिरस्त्राणाशिवाय न बसण्याचे वचन घेतले. तिसरा धोका दिसायला सर्वांत शांत. सरोवराच्या काठचे संथ, गवताळ पाणी. त्यातल्या गोगलगाईंतून बिल्हार्झियाचे जंतू पाण्यात येतात आणि त्वचेतून शरीरात शिरतात. पाय सोडून बसावे असे ते पाणी आहे, आणि तिथेच बसायचे नाही. मी पाच आठवड्यांत नाईलला हात लावला तो एकदाच, नावेतून, महात्मा गांधींच्या पुतळ्यापाशी. १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे नाईलमध्ये विसर्जित झाला होता. पुतळा १९९७ मध्ये आपले तेव्हाचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते बसला. नावाड्याने सांगितले, हे पाणी समुद्राला मिळायला तीन महिने लागतात.

गंभीर दुखण्यासाठी कंपाला गाठावे लागते, ही गोष्ट ज्येष्ठांनी जाण्यापूर्वी मनाशी धरावी. दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च देणारा प्रवास-विमा मी घेतला होता. तो मला लागला नाही. अडचण आली ती दुसऱ्या टोकाला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी, वन्संचा फोन आला. यांना रात्रीपासून ताप आणि खोकला होता, आणि तो दिवस मेथोट्रेक्सेटच्या साप्ताहिक गोळीचा. मी निघण्यापूर्वी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता : ताप आला तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मावशींनी तो वाचला आणि गोळी बाजूला ठेवली. मुलाने त्या दिवशी कामावर न बसता डॉक्टरांशी बोलणे, रिक्षा, रुग्णालयातली नोंदणी, विम्याची कागदपत्रे, सगळे त्या आंब्याखालच्या खोलीतून केले. छातीत संसर्ग होता. चार दिवस ठेवून घेतले.

मी परतीचे तिकीट पाहायला सांगितले. दीड दिवसाने पोहोचले असते. हेच फोनवर म्हणाले, 'येऊन काय करणार? भेटायच्या वेळेत बाकावर बसशील.' मी गेले नाही. तो निर्णय बरोबर होता असे मी आजही ठामपणे म्हणणार नाही. पाचव्या दिवशी हे घरी आले हे खरे, पण ते न येते तर हा लेख मी लिहिला नसता, एवढे मला कळते. वीस वर्षे ज्याच्या औषधांच्या वेळा मी सांभाळल्या, तो माणूस माझ्याशिवाय बरा झाला, याचा आनंद आणि कुठेतरी बारीकसा सलही वाटला. आपल्यापैकी जे कोणाची सेवा करत आहेत त्यांनी थोड्या दिवसांसाठीही निघण्यापूर्वी असा कागद लिहावा. औषधाचे नाव, वार, मात्रा, कोणत्या वेळी थांबावे, कोणाला फोन करावा. आणि तो ज्याला वाचायचा आहे त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

उरलेले दोन आठवडे मी रोज चारनंतर मुलाबरोबर नदीपर्यंत चालत जात असे. यांना फोन लावून पाणी दाखवत असे. पडद्यावर ते करडेच दिसायचे. हे तरी शेवटपर्यंत बघायचे.

आता मी सांगलीला आहे. गोळ्यांचा कोर्स संपला, ताप आला नाही. रोज साडेनऊ वाजले की हे घड्याळाकडे पाहून म्हणतात, 'तिकडे उजाडलं. बसला असेल कामाला.'