एक्स्प्रेसोचा हिशोब

पुण्याला नोकरीस असलेली आमची लेक म्हणाली, "पहिल्या बोनसमधून घरी कॉफीची ऑटोमॅटिक मशीन आणते." आमच्याकडे पूर्णा जंक्शनला 'एक्स्प्रेसो' म्हणजे लग्नातली स्टीलची टाकी. सूं करीत वाफ दुधात सोडायची, वरून कॉफीपूड भुरभुरायची. मायबहिणींनो, ती खरी एस्प्रेसो नव्हेच! खऱ्या एस्प्रेसोत नुकत्याच दळलेल्या कॉफीतून सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी २५-३० सेकंदांत काढतात.

पूर्ण ऑटोमॅटिक मशीन बिया दळते, दाबते, चोथाही स्वतःच टाकते. पण किंमत बहुधा ४० हजारांच्या वर. अर्धी ऑटोमॅटिक बरीच स्वस्त, दळण-दाबण मात्र आपल्या हाती. बोअरचे जड पाणी दोघींनाही सोसत नाही, आत क्षार धरतो. आमच्या पातेल्याचे बूड पाहिले की कळतेच. बिघडली तर दुरुस्तीला पुन्हा पुणेच गाठायचे. शिवाय धाकट्याची कॉलेजची फी तोंडावर आलेली.

तिसरे मोका भांडे, १९३३ साली इटलीत निघालेले. गॅसवर चालते, विजेची कटकट नाही. दाब एक-दोन बारच, पण कॉफी कडक होते. आम्ही लेकीला तेच घे म्हणालो. जरा हिरमुसली, मग दोन हजारांच्या आतले बघू लागली. आजीचा एकच सवाल: त्यात गूळ चालतो का?