पहिला लेथ घेताना

केडगाव, ता. दौंड

प्रिय मित्रा,

निवृत्तीनंतर गावी येऊन तू लाकूड कातायला शिकणार, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त टोरांटोचा लेथ सामानात भरून आणू नकोस. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची; आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज जुळेल, हर्ट्झ नाही. साधी मोटर सहाव्या हिश्शानं मंद चालेल आणि तापेल. इथंच घे, तोही सिंगल फेजचा. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं ठरावीक तासच येते, हे तुला ठाऊक आहेच.

दुकानदार आधी लांबी सांगतील. तुला वाड्याचे खांब कातायचे नाहीत. लाटण्याला दोन टोकांत दीड-दोन फूट अंतर भरपूर झालं. वाट्या करायच्या म्हणतोस, तर स्विंग विचार. लाकूड ज्या मध्याभोवती फिरतं तिथपासून खालच्या आडव्या पायापर्यंतच्या, म्हणजे बेडपर्यंतच्या, अंतराची दुप्पट म्हणजे स्विंग. १२ इंच असेल तर बरीच वर्षं काही कमी पडणार नाही.

पण माझा खरा आग्रह वजनाचा आहे. बेड बिडाचाच हवा. नळ्या किंवा पत्रा जोडून केलेला हलका लेथ खिशाला परवडतो, पण ओबडधोबड ओंडका फिरायला लागला की सगळं थरथरतं, पटाशी नीट टेकत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट! चांगली शिकणारी माणसं अशानं हा नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. जाड लाकडाच्या टेबलाला बोल्टनं आवळ, खालच्या फळीवर वाळूची पोती ठेव.

सर्वांत कमी वेग किती, हेही विचार. १० इंची लाकूड मिनिटाला १००० फेऱ्या घेतं तेव्हा त्याची कड ताशी ४८ किलोमीटरनं पळत असते. म्हणून सुरुवात ५०० च्या आतून झाली पाहिजे. चेहऱ्यावर ढाल हवी. सैल बाही नको, आणि हातमोजे तर मुळीच नकोत.

सगळे पैसे लेथवर घालू नकोस. चार जबड्यांचा चक, तीन-चार चांगल्या पटाश्या आणि धारेसाठी ग्राइंडर, यांना जवळजवळ तेवढेच बाजूला ठेव. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते.

घेण्याआधी सावंतवाडीच्या चितारआळीत चक्कर मारू. तिथली लाखकामाची लाकडी खेळणी बघून काताऱ्याच्या कामाचा अंदाज येईल. जुन्या दोरीच्या लेथवर एक जण दोरी ओढायचा, दुसरा हत्यार धरायचा. लाकूड पुढं-मागं फिरायचं आणि कापणं व्हायचं ते पुढच्या फेरीतच. वेग इतका बेताचा, तरी काम किती नितळ! हे पाहिल्यावर मोटरच्या हॉर्सपॉवरची फार चिंता उरत नाही. एक पुरे.

लाकूड विकत घ्यायला पुण्याच्या टिंबर मार्केटला जायची घाई नको. बांधावरची बाभूळ कठीण असते, पण तिला पॉलिश सुरेख चढतं. कापल्याबरोबर ओंडक्यांच्या टोकांना मेण लावून सावलीत ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. वाळायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच विचारतो: पहिली वाटी किती इंची करणार? कळव, त्या मापाचे ओंडके कापून ठेवतो.

तुझा,
केडगावचा मित्र