जास्त शोषतं म्हणून घेऊ नकोस

चि. मुक्ता,



तू पाठवलेली बातमी वाचली, टॅम्पॉनमध्ये शिसं सापडल्याची. खाली तुझा प्रश्न, ‘मावशी, सगळे फेकून देऊ का?’ फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर ताई मध्येच बोलते आणि विषय ‘त्यापेक्षा आपलं पॅडच बरं’ इथे येऊन संपतो. म्हणून हे पत्र. आयुष्यभर वर्गात जंतू शिकवले, त्यामुळे थोडं लांबेल. सांभाळून घे.

आधी शिसं. हा अभ्यास 2024 चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या जेनी शिअर्स्टन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी 14 ब्रँडचे 30 टॅम्पॉन घेऊन त्यात 16 धातू शोधले. शिसं सगळ्यांत निघालं, आर्सेनिकही आढळलं. एक गंमत बघ: साध्या टॅम्पॉनमध्ये शिसं जास्त होतं, तर ‘ऑरगॅनिक’ म्हणून महाग विकतात त्यांत आर्सेनिक जास्त. कापूस जमिनीतूनच येतो. जमिनीत, पाण्यात जे असेल ते तो उचलतो.

पण हे टॅम्पॉन आम्लात विरघळवून, त्यांत एकूण काय काय आहे ते मोजलं होतं. त्यातलं किती बाहेर सुटतं आणि योनीच्या अस्तरातून किती रक्तात जातं, हे त्या अभ्यासाने तपासलेलंच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपल्या प्रयोगशाळेत तपासणी करण्याचं जाहीर केलं. शिशाची ‘सुरक्षित’ अशी पातळी नसते, म्हणून प्रश्न खराच आहे. पण तेवढ्यासाठी मी पाकीट फेकणार नाही. राग मात्र येतो. टॅम्पॉन बाजारात येऊन नव्वद वर्षं होत आली, आणि शरीराच्या आत तासन्‌तास राहणाऱ्या वस्तूतले धातू मोजायला आत्ता सुरुवात झाली. पुरुषांनी वापरायची वस्तू असती तर इतकी वाट पाहिली असती का, हा प्रश्न मी तुझ्यावर सोडते.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती उलगडली तू राहतेस त्याच विस्कॉन्सिनमध्ये. 1980 च्या जानेवारीत विस्कॉन्सिन आणि शेजारच्या मिनेसोटातल्या साथरोगतज्ज्ञांनी अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राला, म्हणजे सीडीसीला कळवलं, की धडधाकट तरुण बायका अचानक ताप, उलट्या, पुरळ येऊन कोसळताहेत आणि त्यांतल्या बहुतेकींची पाळी चालू आहे. विस्कॉन्सिनच्या तपासाचं काम पाहत होते जेफ्री डेव्हिस. या आजाराला ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ हे नाव 1978 मध्येच जेम्स टॉड या बालरोगतज्ज्ञाने दिलं होतं, पण त्याचे रुग्ण होते लहान-मोठी मुलं. पाळीशी त्याचं नातं असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचं जे विष याच्या मुळाशी आहे, ते ओळखणाऱ्यांत तुमच्याच विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फूड रिसर्च इन्स्टिट्यूटचे मर्लिन बर्गडॉल होते. अन्नविषबाधेचा अभ्यास करणारा माणूस पाळीच्या आजारापर्यंत पोचला! जंतूंना विद्यापीठातले विभाग कळत नाहीत.

त्या काळी ‘रिलाय’ नावाचा एक टॅम्पॉन जोरात होता. घरोघर फुकट नमुने वाटले होते. चहाच्या पुडीसारख्या पिशवीत पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज भरलेलं. शोषायची ताकद इतकी, की बदलायची आठवणच राहू नये. हाच त्याचा गुण म्हणून विकला जात होता. सप्टेंबर 1980 मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने तो बाजारातून काढून घेतला. त्या एका वर्षात अमेरिकेत पाळीशी निगडित 813 रुग्णांची नोंद झाली, 38 जणी गेल्या. मात्र रिलाय गेला म्हणून आजार गेला नाही. इतर ब्रँडमध्येही दिसलं, की टॅम्पॉन जितका जास्त शोषणारा, तितका धोका वाढतो.

कारण समजून घे. योनीत एरवी प्राणवायू फार कमी आणि आम्लता बऱ्यापैकी असते, त्यामुळे हा जंतू असलाच तरी दबून असतो. टॅम्पॉनबरोबर हवा आत जाते, रक्ताने आम्लता उतरते, आणि जंतूला विष तयार करायला हवं ते सगळं हाताशी येतं. बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिपिंडं असतात. कोवळ्या वयात ती कमी सापडतात. म्हणून हा आजार शाळा-कॉलेजातल्या मुलींना जास्त गाठतो. आता तो फार विरळा आहे, लाखात एखादी-दुसरी. तरीही तुझ्या वयात मी तो नजरेआड करणार नाही.

तुझ्या पाकिटावर ‘रेग्युलर’, ‘सुपर’ असं लिहिलेलं असतं ना, तेही भांडूनच मिळालेलं आहे. पूर्वी एका कंपनीचा सुपर दुसरीच्या रेग्युलरपेक्षा कमी शोषणारा असू शके. बॉस्टनच्या विमेन्स हेल्थ बुक कलेक्टिव्हमधल्या एस्थर रोमसारख्या बायका कंपन्यांच्या तज्ज्ञांसमोर वर्षानुवर्षं बसल्या, तेव्हा कुठे 1989 मध्ये नियम झाला: रेग्युलर म्हणजे 6 ते 9 ग्रॅम, सुपर 9 ते 12, सुपर प्लस 12 ते 15. मोजायची पद्धत ऐकून तू हसशील. काचेच्या नळीत निरोध बसवायचा, त्यात टॅम्पॉन ठेवायचा आणि वरून मिठाचं पाणी सोडायचं, ॲसिड फुक्सिनने रंगवलेलं. रक्त नाहीच. बाजारातली वेगवेगळी साधनं खरं रक्त वापरून मोजल्याचा ओरेगनमधल्या संशोधकांचा अभ्यास आला तो थेट 2023 साली.

तेव्हा पाकीट बघताना उलटा विचार कर. दुकानात ‘जास्त टिकेल’ म्हणून हात मोठ्याकडे जातो. तू तुझ्या स्रावाला पुरेल असा लहानात लहान घे. काढताना कोरडा आणि ओढून निघत असेल तर तो तुला मोठा आहे. चार ते आठ तासांत बदलायचाच. झोप त्याहून लांबणार असेल तर रात्री पॅड. पहिल्या-दुसऱ्या दिवशी एक माप आणि नंतर हलकं. पाळी नसताना ‘असू दे’ म्हणून कधीच नाही. हात लावण्यापूर्वी धुवायचे, नंतरही.

पाळीच्या कपबद्दलही विचारलंस. कप चांगला. लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये 2019 साली 43 अभ्यास आणि 3319 बायकांचा आढावा आला. गळण्याच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनइतकाच किंवा बरा ठरला. केरळात अलप्पुळा नगरपालिकेने हजारोंनी कप वाटले. पण ‘कप म्हणजे टॉक्सिक शॉक नाही’ असं दुकानदार म्हणतात ते खोटं आहे. त्याच आढाव्यात असे पाच रुग्ण आहेत. फ्रान्समधल्या लियाँच्या प्रयोगशाळेत 2018 मध्ये दिसलं, की कपाबरोबरही हवा आत जाते आणि हा जंतू सिलिकॉनला घट्ट चिकटून राहतो. नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यामुळे कप घेणार असशील तर लहान मापाचे दोन घे, एक उकळत असताना दुसरा वापरता येतो. ‘बारा तास चालतो’ हे वाक्य तुझ्यापुरतं खोडून टाक. पुढे कधी तांबी बसवलीस तर डॉक्टरना कपाबद्दल सांग, काढताना ओढ बसून ती सरकू शकते.

ताईचं म्हणणं तू मोडीत काढू नकोस. बाहेरच्या पॅडने हा आजार क्वचितच होतो, ते तिचं बरोबर. पण पॅड म्हणजे निर्धोक असंही नाही. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंकने 2022 मध्ये भारतात मिळणारे दहा पॅड तपासले, त्यांत प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट्स आणि उडून जाणारी रसायनं निघाली. आजीच्या घड्यांचंही तसंच. कापडात वाईट काही नाही, ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळायला हवं. आमच्या घरी ते साडीखाली लपवून वाळायचं, म्हणजे वाळायचंच नाही.

आणि पॅड टाकतो कुठे? पुण्यात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक बायका वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅड उघड्या हातांनी वेगळे करत. 2013 साली त्यांनी वापरलेल्या पॅडची पुडकी सरळ कंपन्यांना परत पाठवली. सुरक्षित म्हणताना मी त्यांनाही त्यात धरते. कप घेण्याचं माझ्या मते हे सगळ्यात भक्कम कारण आहे. धातूंची भीती नव्हे.

एक राहिलं. पाळीत आत काहीही असताना एकदम मोठा ताप चढला, उलट्या-जुलाब सुरू झाले, उभं राहिल्यावर अंधारी आली, उन्हाने भाजल्यासारखी अंगभर लाली उठली, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही. आधी जे असेल ते काढायचं आणि लगेच इमर्जन्सीला जायचं. तिथे ते आपण होऊन विचारतीलच असं नाही, म्हणून दारातच सांगायचं की पाळी चालू आहे आणि मी टॅम्पॉन वापरत होते. लाजायचं नाही. मला नंतर कळव. तुझी दुपार ही माझी मध्यरात्र असते, माझ्या उठण्याची वाट बघत बसू नकोस. खोलीतल्या मैत्रिणीलाही हे वाचून दाखव. तिला मराठी येत नाही हे माहीत आहे, तूच समजावून सांग.

ताईला मी सांगते.

तुझी,
मावशी