ताईत, तसबीह आणि फासे

ताईत म्हणजे नुसता कागद नव्हे. मालवणात आमचे नाना तो लिहून देत, तेव्हा त्याचे नियम ठरलेले असत. लिहिणाऱ्याचा वजू हवा. शाई केशराची. कागदाची घडी मेणात बुडवून काळ्या फडक्यात शिवायची आणि मगच चांदीच्या पेटीत घालायची. ताईत घालून संडासात जायचे नाही. सर्वांत मोठा नियम इजाजतीचा: उस्तादाने परवानगी दिल्याशिवाय कुणी लिहायचे नाही. पुस्तकातून उतरवलेल्या ताइताला नाना रद्दी म्हणत. नारळी पौर्णिमा जवळ आली की गाबीत मंडळीही होडीसाठी ताईत न्यायला येत. नाना पैसे घेत नसत. ओट्यावर कुणी सुके बांगडे ठेवून जाई, कुणी नारळ.

त्या कागदांवर अक्षरे कमी आणि आकडेच जास्त असत. अबजदच्या हिशेबात अलिफचा 1, बेचे 2, जीमचे 3, असे प्रत्येक अक्षराला मोल आहे. बिस्मिल्लाहची बेरीज 786 होते, हे आपल्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक असते. नानांचा आवडता नक्श नऊ घरांचा होता. वर 4, 9, 2. मध्ये 3, 5, 7. खाली 8, 1, 6. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, 15 येते. चार कोपऱ्यांत 2, 4, 6, 8. त्यांची अक्षरे बे, दाल, वाव, हे. मिळून झाले ‘बदूह’. अडलेल्या बाळंतिणीसाठी हाच नक्श दिला जाई. हे कोकणातलेच खूळ, असे कुणी म्हणेल. पण इमाम गज़ालींच्या ‘अल मुन्किज़’ या आत्मकथनात नेमका हाच चौकोन याच कामासाठी आला आहे. पाणी न लागलेल्या दोन फडक्यांवर तो लिहायचा, बाईने त्याकडे पाहायचे आणि ती फडकी पायांखाली ठेवायची. काही गोष्टींचा गुण अकलेने उलगडत नाही, याचे उदाहरण म्हणून ते हे सांगतात. गज़ाली 1111 साली वारले. आम्हा कोकणी मुसलमानांसारखेच तेही शाफई.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण माझा भाचा. तो पुण्यात शिकतो आणि मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ 1974 साली बाजारात आणला. पट नसला तरी चालतो. गोष्ट सांगायची आणि फासे टाकायचे. त्यात धर्मगुरूचे पात्र असते, त्याच्या देवाची वस्तू असते आणि त्या वस्तूचे नियम पुस्तकात छापलेले असतात. 2014 च्या आवृत्तीतले काही त्याने मला वाचून दाखवले. अशा बऱ्याच वस्तूंशी आधी तासभर शांत बसून नाते जोडावे लागते, आणि एकाच वेळी तीनपेक्षा जास्त वस्तूंशी ते जुळत नाही. एक जपमाळ आहे, ती फक्त देवाशी किंवा निसर्गाशी बांधलेल्या पात्रांनाच वापरता येते. तिचा एक मणी जखम भरतो, दुसरा आशीर्वाद देतो. वापरलेला मणी पुढच्या पहाटेपर्यंत निकामी. निर्मळ पुण्याचा एक ताईतही आहे. दुष्टाने त्याला हात लावला तर आठ सहापैलू फाशांची इजा, आणि ना भला ना दुष्ट अशाला सहा फाशांची!

नानी ऐकत होती. तिने एवढेच विचारले, “आणि देवान नको म्हटल्यान तर?”

भाच्याने पाने चाळली. तसा नियम त्याला सापडला नाही.

मला हा प्रश्न मोलाचा वाटतो. त्या खेळात देवाची वस्तू हे हत्यार आहे. हक्काचा माणूस, मोकळा मणी आणि पहाट एवढे जुळले की परिणाम ठरलेला. आपल्या तसबीहच्या मण्यांत काहीच नाही, ते फक्त मोजायला. आणि नाना ताईत देताना हमी कधी देत नसत. “शिफा अल्लाहच्या हातात,” म्हणत. बाजारात बसलेला आमिल मात्र हमी विकतो. माझ्या मते तो त्या खेळाच्या पुस्तकाच्या जवळचा, नानांच्या नव्हे.

गोष्ट आमच्या घरात आली ती धाकट्या भावाच्या मुलीमुळे. तिला फिट येतात. बांबोळीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज न चुकता घ्यायच्या. दूरच्या एका आमिलाने अकरा हजार मागितले आणि सांगितले, गोळ्या बंद करा, नाहीतर ताईत लागू पडणार नाही. वहिनीने चार दिवस गोळ्या थांबवल्या. पाचव्या रात्री पोरीला एकामागून एक तीन झटके आले. भाऊ बारा वर्षे कुवेतला होता, नुकताच परतला होता. त्याने तिच्या गळ्यातला तो ताईत कात्रीने कापलाच, पण नानांच्या हातचा, आईने बांधलेलाही कापला. ताईत लटकवणे शिर्क, ही हदीस त्याने आईला ऐकवली. अब्दुल्लाह बिन अम्र लहान मुलांच्या गळ्यात दुआ लिहून घालत, हेही अबू दाऊद आणि तिर्मिज़ी यांच्या संग्रहांत आहे, ते मी त्याला दाखवले. त्याने वाचले, पण मानले नाही. आई त्याच्याशी दोन महिने बोलली नाही.

दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013 मध्ये, आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला औषधापासून अडवून गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. त्या कलमाचा रोख दोऱ्यावर नाही, औषध अडवण्यावर आहे. भावाने कात्री चालवताना हा फरक केला नाही, आणि तो करायला हवा होता असे मला अजून वाटते. पण त्या रात्री पोर त्याच्या मांडीवर होती, माझ्या नव्हे.

गोळ्यांच्या वेळा आता आईच सांभाळते. सकाळी आठ, रात्री आठ. गोळी देण्याआधी ती काहीतरी पुटपुटते आणि पाण्यावर फुंकर घालते. भाऊ समोर असला तर पेपर वाचत राहतो.