मागून येणाऱ्यासाठी



गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता जपानला जाऊन आलो. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त टोकियोत असतात. परतल्यावर सर्वांनी एकच आग्रह केला, "सर, प्रवासवर्णन लिहा." माझे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरात शिकलो. तेव्हा भाषेत काही चुकले तर सांभाळून घ्यावे. लिहिणार आहे ते मात्र बुलेट ट्रेनविषयी नाही, एका आंघोळीविषयी!

टोकियोच्या शिंजुकू स्थानकावरून रेल्वेने दीड तासावर हाकोने हा डोंगराळ भाग आहे. ज्वालामुखीचा प्रदेश असल्याने तिथे जागोजागी जमिनीतून गरम पाणी येते. अशा झऱ्यांना जपानीत 'ओन्सेन' म्हणतात. त्यांच्यासाठी १९४८ सालचा स्वतंत्र कायदा आहे. उगमाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस हवे किंवा त्यात ठरावीक खनिजे हवीत, तरच त्याला ओन्सेन म्हणता येते.

मुलाने तिथल्या एका आधुनिक हॉटेलात एक रात्र राहण्याची सोय केली होती. लिफ्ट, कार्डाने उघडणारे दार, सगळे नवे. पण खोलीत गवती चटया, जमिनीवर गादी आणि नेसायला 'युकाता' नावाचा सुती झगा. त्याची डावी बाजू उजवीवर यावी लागते. मी नेमका उलटा नेसलो. "बाबा, तसा मृताला नेसवतात!" असे म्हणत मुलाने धावत येऊन तो सरळ केला. सौ.ची अडचण निराळी. अंगावर गोंदलेल्यांना स्नानगृहात प्रवेश नाही, अशी पाटी होती. तिकडे गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडतात. सौ.च्या मनगटावर आजीने हौसेने गोंदवून घेतलेली तुळस! शेवटी त्यावर चिकटपट्टी लावून ती स्त्रियांच्या बाजूला गेली.

पुरुषांच्या बाजूला माझी खरी परीक्षा होती. पाण्यात कपडे चालत नाहीत. पंधरा मिनिटे मी कपडे बदलण्याच्या जागीच घुटमळत होतो. शेवटी धीर करून आत गेलो. भिंतीलगत नळांची रांग, प्रत्येकापुढे एक बुटके स्टूल आणि बादली. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. त्यांनी दहा मिनिटे अंग घासून धुतले, फेस पार निघून गेला. मग स्टूल धुतले, बादली धुतली, पालथी घातली, आणि मगच ते कुंडात उतरले. छोटा पंचाही पाण्याला लागू नये म्हणून डोक्यावर ठेवला. तिथे पहारेकरी नव्हता की दंडाची पाटी नव्हती. मागून कोणीतरी येणार आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

मीही तसेच केले आणि पाण्यात बसलो. पण अंगाला ऊब लागताच आठवले ते राजापूरजवळचे उन्हाळे.

आपल्या कोकणातही गरम पाण्याचे झरे आहेत : वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हाळे. इथे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आईचे गुडघे दुखत म्हणून मी तिला पेडण्याहून उन्हाळ्याला नेले होते. मी साबण घेऊन सरळ पाण्यात उतरलो. एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अरे, तुझ्यामागून आणखी माणसे उतरायची आहेत. साबण बाहेर लाव." मी उलट उत्तर दिले, "पाणी वाहतेच आहे, तुमचे काय बिघडले?" ते काही न बोलता निघून गेले. परतताना गाडीत आई एवढेच म्हणाली, "तू मास्तर आहेस ना?"

आई आज नाही. ते गृहस्थ कोण, कुठले, मला ठाऊक नाही. क्षमा मागायची तरी कोणाची? तिकडच्या गरम पाण्यात माझी मान खाली गेली, आणि ती पाण्याच्या वाफेने नव्हे.

जपानी माणसे आपल्यापेक्षा थोर, असे मला म्हणायचे नाही. जे त्यांनी मला न बोलता शिकवले, ते आपल्याच मातीतल्या एका माणसाने आधी बोलून सांगितले होते. मी ऐकले नाही, इतकेच.

आपल्या पेडण्यात हरमलचे गोड्या पाण्याचे तळे आहे, डिचोलीत मयेचा तलाव आहे, गावोगावी झरी आहेत आणि शाळेत पाण्याचा नळ आहे. सगळीकडे आपल्यामागून कोणीतरी येणारच असते.

यंदा नववीची सहल राजापूरला नेण्याचा विचार आहे. उन्हाळ्यालाही जाऊ. पालकांनी मुलांबरोबर एक तांब्या द्यावा, साबण घरीच ठेवावा. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने बाहेर अंग धुवायचे आहे. सुरुवात मुख्याध्यापकांपासून होईल.