छपराचा हप्ता

प्रिय ताईस,


प्लेनोपासून टेक्सासचा गल्फ किनारा चारशे किलोमीटरहून लांब. मग समुद्री वादळाचे पैसे आम्ही घरविम्यात का भरायचे, असं तू विचारलं आहेस. तुमच्या डॅलसकडे घरविमा महागतो तो गारांमुळे. ५ मे १९९५ ला फोर्ट वर्थच्या मेफेस्ट जत्रेवर सॉफ्टबॉलएवढ्या गारा कोसळल्या, शंभराहून अधिक माणसं जखमी झाली आणि एका संध्याकाळचं नुकसान अब्ज डॉलरांच्या पुढे गेलं. २०२३ साली तर गारपीट, टोर्नेडो आणि वादळी वारे यांपायी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांवर पडलेला बोजा ५० अब्ज डॉलरांहून जास्त होता. अशा वादळात सगळ्यात आधी मार खातं ते छप्पर. म्हणून तुझ्या हप्त्याचा मोठा भाग छपराचा आहे, आणि तो कमी करायचा तर छपरापासूनच सुरुवात करायला हवी. ‘आम्ही तर एकदाही क्लेम केला नाही’ हा तुझा आक्षेप मला कळतो. क्लेम नसल्याचा थोडा फायदा मिळतोही. पण मुख्य हिशेब पुढच्या वर्षाचा असतो: तुमच्या भागात किती छपरं फुटतील आणि ती बदलायला किती पैसे लागतील. मजुरी आणि छपराचे शिंगल महागले, कंपनी स्वतः घेते तो पुनर्विमा महागला, की घर तेच राहूनही हप्ता चढतो.

शिंगलमध्ये ‘क्लास ४’ म्हणून एक प्रत असते. तिच्या चाचणीत दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात, आणि शिंगलला तडा जाता कामा नये. टेक्सासात अशा छपराला अनेक कंपन्या सवलत देतात. तो माल महाग पडतो हे खरंच. म्हणून धडधाकट छप्पर उचकटून तो बसवू नकोस. छप्पर बदलायची वेळ येईल तेव्हा फक्त वरचा फरक मोज, आणि तो किती वर्षांच्या सवलतीत वसूल होतो ते बघ. एवढं मात्र आधी विचारून घे, की सवलतीच्या बदल्यात कंपनी नुसत्या दिसण्यातल्या नुकसानीची भरपाई वगळते का. पुष्कळदा वगळते.

डिडक्टिबलचं, म्हणजे नुकसानीतल्या स्वतः भरायच्या वाट्याचं, गणित जास्त फसवं आहे. वारा आणि गारांसाठी ते सहसा टक्क्यांत असतं, आणि हे टक्के नुकसानीचे नसून विम्याच्या रकमेचे असतात. घराचा विमा ४,००,००० डॉलरांचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर तुमचे. १ टक्क्यावरून २ वर गेल्याने वर्षाला किती वाचतात ते विचार, आणि वाढलेल्या ४,००० ला त्या आकड्याने भाग. तेवढ्या वर्षांत एकदाही मोठी गारपीट होणार नाही असं उत्तर टेक्सासात कोणी देऊ शकत नाही, म्हणून ८,००० बँकेत बाजूला असतील तरच हा मार्ग. ‘डिडक्टिबल आम्ही सोडतो’ म्हणत दारात येणाऱ्या कंत्राटदाराला वाटेला लाव. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात अशी सूट देणं गुन्हा आहे.

घराचा बाजारभाव उतरला म्हणून विम्याची रक्कम उतरवावी असं भावोजी म्हणतात, पण तसं करू नका. बाजारभावात जमीन धरलेली असते, आणि जमीन जळत नाही. विमा हवा तो घर पुन्हा उभारण्याच्या खर्चाचा. छपराचा घसारा वजा करून भरपाई देणारी स्वस्त पॉलिसीही मला पटत नाही: पंधरा वर्षांच्या छपराचे हाती येतील ते पैसे नव्या छपराला पुरणार नाहीत. आणि पुराची भरपाई घरविम्याच्या पॉलिसीत मुळीच नसते. सरकारी पूरविमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो, तेव्हा तो पाऊस दारात आल्यावर काढून उपयोग नाही.

पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. तीन कंपन्यांकडून एकाच रकमेवर, एकाच डिडक्टिबलवर भाव मागव, आणि सही करण्याआधी तिन्ही कागद मला पाठव.

तुझा,
भाऊ